जुन्या ट्रकच्या इंजिनातला गाळ: फ्लश ओतण्याआधी चेंबर उतरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. २००३ची टाटा १६१३, ६९७ टर्बो इंजिन. गळीत हंगामात उसाच्या खेपा, पावसाळ्यात गाडी दारात उभी. टॅपेट सेट करायला कव्हर उघडलं, तर आत पेरभर काळा गाळ आणि ऑइलच्या टोपीखाली पांढरट फेस. भरलेली गाडी चढाला लागली की ऑइल प्रेशरचा काटा खाली येतो. गावातले मिस्त्री म्हणतात दोन लिटर रॉकेल टाकून इंजिन धुऊन घ्या, दुकानदार इंजिन आतून धुवायच्या फ्लशची बाटली पुढे करतो आणि तिसऱ्याचं म्हणणं थेट फुल्ल इंजिन, म्हणजे इंजिन पूर्ण खोलून नव्याने बांधून घ्या. दसऱ्यानंतर कारखाना सुरू होईल, तोवर काय करायचं?

या तिन्हींतलं काहीही आज लगेच करू नका. रॉकेल तर अजिबात नको. ६९७ हे चिवट इंजिन आहे. ९७ मिमी बोअर, सहा सिलिंडर, पावणेसहा लिटरच्या आसपास क्षमता आणि मूळ घडण टाटा-बेंझच्या काळातली. गाळाने भरलेली अशी इंजिनं मी हाफ इंजिन (म्हणजे अर्धवट खोलून केलेली दुरुस्ती) न काढता पुन्हा कामाला लावली आहेत. पण बरी चाललेली इंजिनं गाळ ‘धुण्याच्या’ घाईत बेअरिंग घेऊन बसलेलीही माझ्या गॅरेजवर टो होऊन आली आहेत. फरक पडतो तो कामाच्या क्रमाने.

खरी अडचण नीट समजून घ्या. टॅपेट कव्हरला चिकटून बसलेला गाळ दिसायला वाईट असला तरी तो तिथे बसून फारसं काही बिघडवत नाही. तोच गाळ चेंबरच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या पातेल्याच्या) तळाशी ऑइल पंपाच्या चाळणीवर जमतो, व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर ज्यावर बसतात त्या रॉकर शाफ्टच्या बारीक भोकांत बसतो, टर्बोच्या रिटर्न पाइपात साचतो, तेव्हा इंजिन मरतं. तुमचा काटा खाली येतोय, म्हणजे प्रश्न चाळणीपर्यंत पोचला असण्याची शक्यता बरीच आहे. अशा अवस्थेत वरचा गाळ सैल केला तर तो जाणार कुठे? खाली, आधीच अर्ध्या बंद झालेल्या त्याच चाळणीवर.

गाडी मी पाहिलेली नाही, त्यामुळे पुढचं बरंचसं दोन गोष्टींवर अवलंबून राहील. ऑइलमध्ये कूलंट (रेडिएटरचं पाणी) उतरतंय का, आणि प्रेशर पडतंय ते चाळणीमुळे की बेअरिंगच्या झिजेमुळे. या दोन्हींची उत्तरं काही न खोलता बऱ्यापैकी मिळतात. पण त्याआधी गाळ होतो कसा ते सांगतो. ते कळलं नाही तर साफ केलेलं इंजिन दोन हंगामांत पुन्हा तसंच होईल.

एक लिटर डिझेल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. हे पाणी वाफ होऊन सायलेन्सरवाटे निघून जातं, पण पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून थोडा गॅस खाली चेंबरमध्ये उतरतोच, नव्या इंजिनातही. त्या गॅसबरोबर वाफ, काजळी आणि थोडं न जळलेलं डिझेल येतं. इंजिन नीट तापलेलं असेल तर वाफ ब्रीदरमधून, म्हणजे चेंबरची हवा बाहेर सोडणाऱ्या पाइपातून, बाहेर पडते. काजळीला ऑइलमधली रसायनं सुटी सुटी धरून ठेवतात, आणि ऑइल बदललं की तीही निघून जाते. म्हणून डिझेल गाडीचं ऑइल टाकल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं. काळं झालं म्हणजे बिघडलं असं नाही, उलट ते आपलं काम करतंय. ही काजळी फिल्टरमध्ये अडकत नाही, कारण तिचे कण एका मायक्रॉनपेक्षा कितीतरी बारीक असतात. फिल्टर नवा टाकला म्हणून जुनं ऑइल चालून जाईल हा हिशेब इथेच फसतो.

आता इंजिन थंड राहिलं तर काय होतं बघा. वाफ बाहेर न जाता कव्हरच्या गार पत्र्यावर पाणी होऊन बसते. पाणी, काजळी आणि ऑइलमधली आम्लं एकत्र आली की काजळी धरून ठेवणारी रसायनं थकतात. काजळीचे कण एकमेकांना चिकटतात आणि गाळ तयार होतो. ऑइल जास्त दिवस चालवलं तर हेच लवकर होतं. इंजिन वारंवार तापत असेल तरी ऑइल जळून घट्ट होतं, पण तो गाळ कडक आणि डांबरासारखा असतो. टोपीखाली फेस आणि कव्हरमध्ये मऊ गाळ हे तुमचं वर्णन मला गार चालणाऱ्या इंजिनाचं वाटतं.

उसाच्या गाडीच्या वाट्याला नेमकं हेच येतं. फडातून भरून कारखान्याच्या अड्ड्यात यायचं आणि नंबर येईपर्यंत कधी रात्रभर रांगेत थांबायचं. रांग सरकली की चार फूट पुढे, पुन्हा उभं. थंडीच्या रात्री इंजिन तासन्‌तास आयडलवर. ड्रायव्हर बंद का करत नाही हे विचारलं की दोन उत्तरं मिळतात. एक, बॅटरी किंवा सेल्फ कमजोर आहे, बंद केली तर धक्का मारायला माणसं कुठून आणू? दुसरं, हवेची गळती आहे, बंद केली की ब्रेकची हवा उतरते. म्हणजे इंजिनातल्या गाळाचं मूळ कधीकधी बॅटरीत आणि एअर पाइपच्या जोडात असतं. ही दोन कामं स्वस्तातली आहेत, ती आधी करून घ्या.

दुसरा संशय मला थर्मोस्टॅटचा आहे, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेचा. तुम्ही लिहिलंय की मागे कधीतरी गाडी तापायची, मग मिस्त्रींनी ‘काहीतरी काढून टाकलं’ आणि तेव्हापासून ती तापत नाही. ते काहीतरी म्हणजे बहुतेक थर्मोस्टॅटच. आपल्याकडे ही सर्रास पद्धत आहे आणि तिने जितकी इंजिनं अकाली झिजवली आहेत तितकी क्वचितच दुसऱ्या कशाने झिजवली असतील. थर्मोस्टॅट नसला की पाणी सतत रेडिएटरमधून फिरतं आणि रिकामी गाडी किंवा रात्रीची गाडी कधी धड तापतच नाही. शिवाय बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासचा रस्ता बंद करतो. तो काढला की बायपास कायमचा उघडा राहतो, आणि ऐन चढावर काही पाणी रेडिएटरकडे न जाताच परत फिरतं. म्हणजे इंजिन गारही राहतं आणि घाटात तापतंही. रेडिएटर रॉड घालून साफ करा, फॅन बेल्ट बघा आणि योग्य अंशाचा नवा थर्मोस्टॅट बसवा. हे केलं नाही तर पुढची सगळी मेहनत पाण्यात.

आता घरच्या घरी करायच्या तपासण्या.

आधी कूलंटची. फेस फक्त टोपीखाली आणि कव्हरच्या वरच्या भागात आहे, पण गेजपट्टीवरचं (पातळी बघायच्या पट्टीवरचं) ऑइल काळंच आहे, तर ती वाफ आहे. गेजपट्टीवरच दुधाच्या चहासारखं ऑइल दिसत असेल तर पाणी आत उतरतंय, आणि मग इंजिन सुरूच करायचं नाही. मधली अवस्था ओळखायला जुनी तव्याची तपासणी आहे. गाडी उघड्यावर, स्टोव्ह गाडीपासून लांब, डोळ्यांना चष्मा. तवा चांगला तापवा, पण धूर निघेल इतका नको. त्यावर गेजपट्टीवरून ऑइलचा एकच थेंब सोडा. थेंब गप्प पसरला तर पाणी नाही. तडतडला तर पाणी आहे. हंगामभर गार चाललेल्या इंजिनाचा थेंब थोडा तडतडेलही, म्हणून गाडी आधी तासभर नीट पळवून, गरम करून मग नमुना घ्या. तरीही तडतडत असेल आणि रेडिएटरची पातळी दर आठवड्याला उतरत असेल, तर हेड पॅकिंग किंवा ऑइल कूलर तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. कूलंट मिसळलेलं ऑइल बेअरिंगचा मुलामा खातं, आणि त्याचा होणारा चिकट गोळा चाळणी पार बुजवून टाकतो.

दुसरी तपासणी कागदावरची. जाड टिपकागद किंवा गाळण कागद घ्या. गरम इंजिनाच्या गेजपट्टीवरून एक थेंब त्यावर सोडा आणि कागद अधांतरी ठेवून रात्रभर तसाच राहू द्या. सकाळी काळा रंग मधून कडेपर्यंत हळूहळू फिका होत पसरलेला दिसला, तर ऑइलमध्ये अजून काजळी पेलायची ताकद आहे. मधे घट्ट काळा गोल, त्याला ठळक कड आणि बाहेर एकदम फिकट कडं असेल, तर ऑइल संपलं आहे. ते काजळी सोडून देतंय आणि ती आतमध्ये बसतेय. सगळ्यांत बाहेर पिवळट, तेलकट कडं मोठं दिसलं तर ऑइलमध्ये डिझेल उतरत असण्याचा संशय घ्या. नोझल टपकत असेल किंवा फ्युएल पंपाकडून डिझेल येत असेल. गेजपट्टीवर पातळी चढत असेल तर तो संशय पक्का समजा, आणि नोझल व पंप बेंचवर तपासून घ्या. ‘गाडी ऑइल खातच नाही, उलट वाढतं’ असं कोणी कौतुकाने सांगितलं की मला काळजी वाटते.

तिसरी तपासणी प्रेशरची, आणि तुमच्यासाठी हीच सगळ्यांत महत्त्वाची. डॅशबोर्डच्या काट्यावर विश्वास ठेवू नका, कारण सेन्सर आणि वायरिंग दोन्ही जुनं आहे. सेन्सरच्या जागी हातातलं मेकॅनिकल गेज लावा आणि इंजिन पूर्ण गरम करून आकडे लिहून घ्या. या घडणीच्या इंजिनाला गरम असताना आयडलवर एक किलोच्या आसपास आणि रेसवर तीन-चार किलो असा माझा ढोबळ हिशेब असतो. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या. आता प्रेशर कसं पडतं ते बघा. बेअरिंग झिजलेलं असेल तर गार इंजिनाला प्रेशर चांगलं असतं, गरम झाल्यावर आयडलवर पार खाली जातं, पण रेस दिली की पुन्हा वर येतं. चाळणी बुजलेली असेल तर चित्र उलटं दिसतं. आयडलवर ठीक असतं, पण रेस धरून ठेवली की काटा थोडा वर जाऊन हळूहळू उतरायला लागतो, कारण पंप जितकं मागतो तितकं ऑइल चाळणीतून येत नाही. इंजिन बंद करून थोडा वेळ थांबलं की पुन्हा सुरुवातीला ठीक. तुम्ही सांगताय ते, चढाला रेसवर प्रेशर उतरणं, या दुसऱ्या प्रकाराशी जुळतं. चढावर चेंबरमधलं ऑइल मागे सरकतं, म्हणून पातळी कमी असली तरीही असं होतं. आधी सपाट जागेवर गाडी उभी करून पातळी बघा.

जाताजाता ब्रीदरही बघा. इंजिन चालू असताना ऑइलची टोपी सोडवून ऑइल भरायच्या तोंडावर उलटी ठेवा. थोडी थरथरली तर हरकत नाही. उडून पडत असेल तर चेंबरमध्ये दाब जास्त आहे. मिस्त्री लगेच म्हणतील रिंगा गेल्या, बॅक मारतंय, म्हणजे रिंगांवरून गॅस खाली उतरतोय. पण आधी ब्रीदरचा पाइप काढून फुंकून बघा. गाळाच्या इंजिनात तो बहुतेक वेळा अर्धा बुजलेला असतो, आणि खालच्या तोंडाला रस्त्याचा चिखल बसलेला असतो. पाइप साफ करून पुन्हा टोपी ठेवून बघा, मगच रिंगांबद्दल बोला.

आता रॉकेल आणि फ्लश. रॉकेलने गाळ सुटतो, यात खोटं काही नाही, आणि अडचणही तीच आहे. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलचा केसापेक्षाही पातळ थर असतो आणि सगळं वजन त्या थरावर तरंगतं. ऑइलमध्ये पाच-सात टक्के डिझेल मिसळलं तरी ४० ग्रेडचं ऑइल ३० कडे झुकतं, म्हणजे पातळ होतं. दोन लिटर रॉकेल टाकल्यावर तो थर किती उरेल याचा विचार करा. त्यात सुटलेला गाळ चाळणीवर बसतो, पंपाला ऑइल मिळत नाही आणि दहा मिनिटांच्या आयडलिंगमध्येही मेन बेअरिंगला ओरखडे पडतात. नुकसान त्या दिवशी दिसत नाही. काही खेपा गेल्यावर इंजिन ठोकायला लागतं, आणि तेव्हा कोणाला रॉकेल आठवत नाही. शिवाय ड्रेन केल्यावरही आत गॅलरीत (ऑइलच्या वाटांत), कूलरमध्ये, पंपात बरंच रॉकेल उरतं आणि ते नव्या ऑइलमध्ये मिसळतं.

बाटलीतला फ्लश रॉकेलपेक्षा बरा, कारण चांगल्या फ्लशमध्ये काजळी धरून ठेवणारी रसायनंही असतात. आतून फक्त तपकिरी डाग धरलेल्या, प्रेशर ठीक असलेल्या इंजिनात, लेबलवर लिहिलेल्या वेळेपुरता, गाडी न पळवता वापरला तर मी हरकत घेत नाही. पेरभर गाळ असलेल्या आणि प्रेशर पडणाऱ्या इंजिनात मी तो माझ्या हाताने टाकणार नाही. तुंबलेल्या गटारात वरून पाण्याचा लोट सोडावा तसं ते होईल.

म्हणून काम करायचं ते हाताने, आणि खालून. गाडी गरम करून ऑइल ड्रेन करा आणि रात्रभर निथळू द्या. गाडी सपाट, चाकांना उटी, आणि खाली शिरायचं असेल तर पक्के ठोकळे लावून. नुसत्या जॅकवर विसंबून कोणीही खाली जायचं नाही, मग काम पाच मिनिटांचं का असेना. चेंबर उतरवल्यावर लगेच धुवायला घेऊ नका. आधी तळाचा गाळ दोन बोटांत चोळून बघा आणि उन्हात धरा. नुसता काळा, मऊ लागला तर छान. त्यात चमक दिसली तर तिचा रंग बघा. चुंबकाला चिकटणारा बारीक चुरा रिंगा-लायनरकडचा, म्हणजे लोखंडाचा. चंदेरी, चुंबकाला न चिकटणारा चुरा बेअरिंगच्या वरच्या मुलाम्याचा किंवा पिस्टनचा. तांबूस पापुद्रे दिसले तर बेअरिंगचा मुलामा जाऊन खालचा थर उघडा पडलाय. पापुद्रे दिसोत न दिसोत, चेंबर उतरलाच आहे तर एक-दोन कॉनरॉड कॅप आणि एक मेन कॅप (क्रँकभोवती बेअरिंगचे अर्धगोल शेल धरून ठेवणारी झाकणं) खोलून बेअरिंग बघून घ्याच. करडं, एकसारखं दिसलं तर परत बसवा, कॅप आणि शेल जिथलं तिथेच, उलटंपालटं न करता. बोल्ट टॉर्क रेंचने. ओरखडे किंवा तांबूस पट्टा दिसला तर क्रँकचं माप घेऊन नवा संच बसवा.

मग चाळणी. ती पाइपासकट काढा, डिझेलमध्ये भिजत घाला, ब्रशने साफ करा आणि उजेडासमोर धरून प्रत्येक भोक मोकळं झालंय का बघा. जाळी फाटलेली असेल तर बदला. पाइपाच्या जोडाचं पॅकिंग किंवा रिंग नवीच टाका. तिथून हवा ओढली गेली तर चाळणी स्वच्छ असूनही प्रेशर डगमगतं, आणि मग माणूस महिनाभर पंपाला दोष देत बसतो. पंपाचे गिअर आणि रिलीफ व्हॉल्व्ह याच वेळी तपासा. व्हॉल्व्हमध्ये गाळाचा खडा अडकून तो किंचित उघडा राहिला तरी प्रेशर पडतं.

वरचं काम चेंबर खाली उतरलेला असतानाच करायचं, म्हणजे जे पडेल ते परातीत पडेल. पुशरॉडची भोकं आणि ऑइल परतायच्या वाटा कापडाने बंद करा. कापडाचे तुकडे मोजून घाला आणि मोजून काढा. गाळ लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. तारेचा ब्रश नको, त्याची एक तार ऑइलबरोबर गेली तरी पुरे. पुसायला धागे सुटणारं कॉटन वेस्ट नको, जुनं धुतलेलं सुती धोतर किंवा चादर उत्तम. रॉकर शाफ्ट काढून त्याची भोकं बारीक तारेने मोकळी करा, हवा मारा, परत बसवून टॅपेटचा गॅप सेट करा. टर्बोचे येणारा-जाणारा दोन्ही पाइप काढून बघा. रिटर्न पाइप अर्धा बुजलेला असेल तर टर्बोच्या सीलमधून ऑइल गळतं, आणि लोक टर्बोच गेला म्हणून नवा बसवतात.

बसवताना एका गोष्टीबद्दल मी फार कडक आहे, ती म्हणजे सिलिकॉन. चेंबरच्या पॅकिंगला ट्यूब पिळून जाड थर दिला की बोल्ट आवळल्यावर अर्धा माल आतल्या बाजूला निघतो. बाहेरून जोड सुरेख दिसतो. आत लाल-काळ्या शेवया लोंबत असतात, आणि त्या तुटून थेट चाळणीवर जातात. चांगलं पॅकिंग, स्वच्छ पृष्ठभाग, आणि सिलिकॉन लावलंच तर कोपऱ्यांपुरतं, बोटाने पुसून पातळ केलेलं.

ऑइल भरल्यावर लगेच स्टार्ट करू नका. स्टॉप केबल ओढून धरा आणि थोडं थोडं थांबत सेल्फ मारा, म्हणजे डिझेल न मिळता इंजिन फिरेल. गेजवर प्रेशर दिसेपर्यंत हे करा. टॅपेट कव्हर उघडं ठेवून सहाही सिलिंडरच्या रॉकरला ऑइल पोचलेलं डोळ्याने बघा, मगच गाडी सुरू करा.

ऑइल कोणतं? तुम्ही लिहिता मिस्त्री २०डब्ल्यू-५० सांगतात, कारण १५डब्ल्यू-४० ‘पातळ’ आहे. घट्ट ऑइलने काटा थोडा वर दिसेल, पण अरुंद चाळणीतून घट्ट ऑइल आणखी अवघड जातं. काटा वर आणण्यासाठी ऑइल घट्ट करणं म्हणजे ताप मोजायचं थर्मामीटर गार पाण्यात बुडवणं नव्हे तर काय? डब्ल्यूआधीचा आकडा ऑइल गार असतानाचा, नंतरचा गरम असतानाचा. म्हणून १५डब्ल्यू-४० आणि २०डब्ल्यू-४० घेतली तर गरम झाल्यावर दोन्ही ४०च असतात. फरक आहे तो गार असताना, आणि पहाटेच्या थंडीत १५चं ऑइल रॉकरपर्यंत लवकर पोचतं. तुमच्या गाडीला एपीआय सीआय-४ दर्जाचं १५डब्ल्यू-४० घ्या. या दर्जाची ऑइलं काजळी जास्त पेलतात आणि आम्लं मारायची ताकदही चांगली ठेवतात. जुन्या इंजिनाला नवं ऑइल चालत नाही ही भीती सोडा. डिझेलमधलं गंधकही २०२०पासून देशभर १० पीपीएमवर आलंय, म्हणजे आम्लाचा त्रास पूर्वीपेक्षा बराच कमी आहे. फक्त बॅरलमधलं सुटं ऑइल घेऊ नका. सीलबंद डबा घ्या, आणि रिकामा डबा भंगारात देण्याआधी त्याला भोक पाडा, म्हणजे तो पुन्हा भरून विकला जाणार नाही.

हाताने सगळा गाळ निघत नाही, निघायची गरजही नाही. उरलेला चांगलं ऑइल हळूहळू सोडवतं, आणि हळूहळू सुटलेलाच गाळ फिल्टरला आणि चाळणीला झेपतो. म्हणून पहिलं ऑइल आणि फिल्टर हजारेक किलोमीटरवर बदला, काळं दिसत नसलं तरी. काढलेला फिल्टर कापून त्याचा कागद उलगडून बघा. काळा मऊ लेप ठीक, धातूची चमक असेल तर थांबा आणि शोध घ्या. दुसरा बदल दोन-अडीच हजारांवर, त्यानंतर मॅन्युअलप्रमाणे. पण रांगेतल्या आयडलिंगचे तास किलोमीटरमध्ये दिसत नाहीत, म्हणून हंगामात मी उसाच्या गाड्यांना मॅन्युअलपेक्षा लवकर बदल सांगतो. काढलेलं ऑइल नाल्यात, बांधावर किंवा लाकडाला लावायला देऊ नका. ते नियमाने घातक कचऱ्यात मोडतं आणि परवानाधारक रीसायकलरकडेच जायला हवं. मोठी गॅरेज त्यांच्या ड्रममध्ये घेतात.

तुमच्याकडे दोन महिने आहेत, तेव्हा मी असा क्रम लावेन. या आठवड्यात तवा, कागद आणि प्रेशरच्या तपासण्या, त्याबरोबर बॅटरी आणि हवेची गळती. पुढच्या आठवड्यात चेंबर, चाळणी, बेअरिंग, वरची साफसफाई, ब्रीदर आणि थर्मोस्टॅट एकाच उघडणीत. मग हंगामाआधी मिळेल ते भाडं मारून पहिले हजार किलोमीटर पुरे करा आणि पहिला बदल घरीच आटपा. हंगामाच्या मध्यावर रांगेत गाडी सोडून गॅरेजला येणं तुम्हाला परवडणार नाही.

पुढच्या पावसाळ्याचंही आत्ताच ठरवून टाका. गाडी उभी करण्याआधी ऑइल बदलायचं, उभी राहून निघाल्यावर नव्हे. हंगामभराचं आम्लाचं, पाण्याचं ऑइल चार महिने बेअरिंगवर बसू द्यायचं नाही. सायलेन्सरच्या तोंडावर डबा उलटा घाला. आणि दर आठवड्याला दहा मिनिटं गाडी चालू करून बंद करायची सवय मोडा. त्या दहा मिनिटांत पाणी तयार होतं, पण ते उडून जाईल इतकं इंजिन तापत नाही. फिरवायचीच असेल तर काटा मधोमध येईपर्यंत रस्त्यावर वीसेक किलोमीटर पळवा, नाहीतर हात लावू नका.

आता राहिला फुल्ल इंजिनचा प्रश्न. त्याचं उत्तर आज देता येत नाही. ऑइल खाणं, टोपी उडणं, गेजवरचे आकडे, हे सगळं दुसऱ्या ऑइल बदलानंतर पुन्हा तपासा. गाळात चिकटलेल्या रिंगा कधीकधी चांगल्या ऑइलमध्ये मोकळ्या होतात आणि बॅक आपोआप कमी होतो. तेव्हाही टोपी उडत असेल आणि ऑइल खाणं कमी झालं नसेल तर कॉम्प्रेशन टेस्ट करा आणि हाफ इंजिनचा निर्णय हंगाम संपल्यावर, हातात पैसे आणि वेळ दोन्ही असताना घ्या. मात्र बेअरिंगला तांबूस पट्टा दिसला असेल किंवा कूलंट उतरत असेल, तर हंगामाची वाट बघू नका, ते आधीच करा.